वेल्मा ट्रास्कचं शेवटचं प्रकरण

२ नोव्हेंबर, वेरिबी

मृतांच्या दिवसाची मिस्सा. मृतांच्या नावांचं पाकीट भरलं — डॅडी, लीना आंटी, वेल्मा ट्रास्क. महिनाभर वेदीवर राहील. एलायसने वाकून वाचलं. "ही अमेरिकन बाई आपल्या घरातली कधीपासून?"

सहा वर्षांपासून! नवरा आहे, कळायला हवं.

४ नोव्हेंबर

कप डेची सुट्टी. बापलेकी टीव्हीवर घोड्यांची शर्यत बघतात. मी वेल्माच्या चरित्राचं शेवटचं प्रकरण संपवलं. अकरा पानं. चांगली आहेत.

कॅन्ससमधलं लहान गाव. एकतीस वर्षं पोस्टात नोकरी. दोन पातळ कवितासंग्रह; कुणी दखल घेतली नाही. १९७१ नंतर एक ओळ नाही. लोक म्हणतील, हरली. मी म्हणते, तिने ठरवून थांबवलं. मौन हीच तिची शेवटची कविता. पुस्तक या वाक्यावर उभं आहे.

७ नोव्हेंबर

वारसांकडे परवानगी मागितली होती, सप्टेंबरात, तिच्या जुन्या पत्त्यावर. उत्तर नाही. वारस नसावेत.

१० नोव्हेंबर

पुण्याहून संपादक इरावतीचा फोन. "अगं, मृत्यूचं साल राहिलंय. मुखपृष्ठावर हवं. शुक्रवारी छपाईला जातंय."

माझ्याकडे दफनभूमीचा फोटो आहे. एकच दगड — नवऱ्याचं नाव, शेजारी तिचं. त्याचं साल स्वच्छ, १९९४. तिच्या बाजूला शेवाळ. नीट पाहिलं तर खाली आठचा आकडा दिसतो. १९९८ सांगितलं.

मेरिल खांद्यावरून बघत होती. "मम्मा, आर यू शुअर? दॅट्स जस्ट मॉस."

इंजिनिअरिंगच्या पोरीने मला शिकवू नये. दगडावर नाव कोरलंय. आणखी काय हवं!

११ नोव्हेंबर

प्रकरण पुन्हा वाचलं. स्वल्पविरामही हलवणार नाही.

१३ नोव्हेंबर

कॅन्ससहून जाड पाकीट आलं. आत पत्र. "वारस कुणी नाही. मीच आहे, वय एक्याण्णव. छापणं थांबवलं, लिहिणं नाही. परवानगी आहे." सोबत बेचाळीस कविता. शेवटची या ऑक्टोबरातली.

सगळ्या वाचल्या. फोटो पुन्हा पाहिला — नवऱ्याशेजारी तिने आपलं नाव आधीच कोरून ठेवलेलं; साल नाहीच, नुसतं शेवाळ. मग इरावतीला फोन — थांबव.

मग चर्चमध्ये गेले आणि फादरांकडे नावांचं पाकीट परत मागितलं.