दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

८ जानेवारी १९७७
आपल्या लाडक्या विलायती बँडची, रेड ट्रामची नवी रेकॉर्ड आली! मावसभावाने मुंबईहून पाठवली. ऐकली – आणि डोकं फिरलं. मागच्या रेकॉर्डवर यांची गिटार अंगावर धावून यायची. आता व्हायोलिनं! बाजार मांडला लेकांनी.

९ जानेवारी
आज सगळ्यांना ऐकवली. सोलापुरात कान कुणाला आहेत? कॉलेजातला रामहरी मुंबईच्या मासिकातलं परीक्षण पाठ करून आला होता. 'परिपक्व वळण' म्हणे! रेकॉर्ड सुरू व्हायच्या आधीच याचं मत तयार. बाबा आतून ओरडले, "यापेक्षा गिरणीचा भोंगा बरा!" त्यातल्या त्यात हेच मत प्रामाणिक.

गल्लीतला मौलाली, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, तो दारातच उभा. "दुसरी बाजू का तिसरा गाना फिर लगाव ना भई. वरात में लई चलेंगा!" झालं. रेड ट्रामची लायकी वरातीपर्यंत आली!

समोरच्या घरातली विजयमालाही आली होती. तिलाही तेच गाणं आवडलं. डोळे पुसत म्हणाली, "ह्यो माणूस कुणाला तरी थांब म्हणतोय की रे." इंग्रजीत दोनदा नापास, आणि मला अर्थ सांगते! मी हसलो. बाकी कुणासाठी रेकॉर्ड पुसली नव्हती, पण ती आल्यावर फडक्याने पुसून लावली.

१७ जानेवारी
कॉलेजच्या भित्तिपत्रकात परीक्षण लावलं. झोडपून काढलं! शेवट फर्मास – 'तिसरं गाणं ऐकून ज्यांना रडू येतं, त्यांनी मंगलाष्टकं ऐकावीत. तीही रडवतात.' पोरं खो खो हसली. विजयमालानेही वाचलं. ती हसली नाही.

२ फेब्रुवारी
ती आता येत नाही.

२० फेब्रुवारी
विजयमाला गल्लीत भेटली. मोडनिंबचे पाहुणे बघून गेले म्हणाली. "तुला काय वाटतंय?" मी म्हटलं, "तुझी आवड माहीत आहे आम्हाला – तिसरं गाणं!" ती तडक घरात गेली.

मला विजयमाला हवी आहे. एवढं बोलायला काय झालं होतं? पण तिच्यासमोर तोंड उघडलं की खवचटपणाच बाहेर पडतो. परीक्षा संपली की सांगेन. नक्की.

१ मार्च
मौलाली रेकॉर्ड मागायला आला. बँडवर ते गाणं बसवायचंय म्हणे. ठेवूनच घे म्हटलं. पीडा गेली!

६ मे
विजयमालाची वरात निघाली. मोडनिंबची मंडळी गुलालात न्हालेली. आमच्या दारासमोर बँड थांबला, मागे गाडीही थांबली. मौलालीने क्लॅरिनेट तोंडाला लावली – तिसरं गाणं! अख्खं वाजवलं. ती खाली मान घालून बसली होती. मी खिडकीतून हललो नाही. मग गाडी गेली.

७ मे
मौलालीला फैलावर घेतलं. आमच्या दारात कशाला वाजवलंस ते? बिचारा गोंधळला. "दुल्हन ने बोली ना भई. उनके दरवाजे पे रुको, पूरा बजाव, बोली."

गाणं चांगलं आहे.