मूळ कार्ड कशाला हवंय?

१४ नोव्हेंबर

प्रिय ढब्ब्या,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईच्या गळ्याची जखम पूर्ण भरली. आवाज परत येणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. हवं-नको ते ती वहीत लिहून दाखवते. खरं तर फोनच केला असता, पण ती शेजारच्याच खोलीत असते आणि तिचे कान अजून तिखट आहेत.

तू विचारलंस, आईचा रेकॉर्ड केलेला आवाज कशावर ठेवला तर टिकेल. एक्स-रे विभागात अठरा वर्षं काढल्यावर एवढं तरी मला सांगता येईल. आम्ही पेशंटला सीडी देतो, कारण तिच्यावर एकदा लिहिलं की कुणाला खोडता येत नाही. पण ओरखडा पडला की संपलं, आणि हल्लीच्या कॉम्प्युटरला ती घालायला जागाच नसते. पेनड्राइव्ह सोयीचा, पण त्यावरचं कुणीही पुसावं. शिवाय तुझ्या खिशातून तो थेट धुण्यात जायचा. मेमरी कार्ड नखाएवढं, शिंक आली तरी हरवेल. तेव्हा दोन सीडी काढ, एक पेनड्राइव्ह ठेव, सगळं वेगवेगळ्या कपाटांत. झालं.

मग मूळ कार्ड कशाला हवंय तुला?

ऑपरेशनच्या आधी आईने त्या छोट्या रेकॉर्डरच्या कार्डावर जे बोलून ठेवलं, ते मी पेनड्राइव्हवर घालून तुला पाठवलंच आहे. चार नंबरची फाइल खराब निघाली, हेही तेव्हाच सांगितलं होतं. सांगितलं होतं ना? तू त्यावर चकार शब्द काढला नाहीस, तेव्हाच वाटलं, इथे पाणी मुरतंय. आणि आता सात महिन्यांनी लिहितोस, "कार्ड जपून पाठव, त्यावर दुसरं काही भरू नकोस." हे वाक्य तुझं नाही. तुझ्या बायकोचं असेल, नाहीतर कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या तिच्या भावाचं. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय संशय आहे तो सरळ विचार.

आमच्या टेक्निशियनला मी सहज म्हणून विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, कार्डावरचं पुसलं म्हणजे गेलं असं नसतं. वर नवीन काही भरलं नाही, तर बहुतेकदा परत काढता येतं. का हो, काय पुसलंत?"

"मी पुसलं असं कुणी सांगितलं तुला?" मी खेकसले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

घरी येऊन कार्ड लावलं. गाण्यांनी काठोकाठ भरायचं आणि मग तुला पाठवायचं, असं ठरवलं होतं. हात धजला नाही.

फाइल खराब नव्हती. मी ती ऐकली आणि पुसली. ती तुझ्यासाठी होती. आई म्हणते, "इथे मला काही कमी नाही रे. ताई खूप करते. पण तिच्या घरात मी पेशंटच आहे; उठा, झोपा, गोळी घ्या. मला तुझ्याकडे यायचंय. तिला सांगू नकोस, मोडून पडेल ती. जमणार असेल तर एक दिवस सरळ न्यायला ये. नसेल जमत तर हा विषयच काढू नकोस, मी समजेन."

मी मोडून पडले नाही. चिडले. इतकं करून मी हुकूम सोडणारी! त्या रागात बटण दाबलं, आणि नंतर खरं सांगायची लाज वाटत राहिली.

आईला हे माहीत नाही. ती समजते की तू ऐकलंस. फाटक वाजलं की मान वर करते, आणि पेपरवाला दिसला की पुन्हा खाली घालते. परवा तुझं पत्र आलेलं पाहून तिने वहीत लिहिलं, "त्याला काही बोलू नकोस. अडचण असेल त्याची." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

कार्ड सोबत आहे. मेहुण्याकडून काढून घे. पण त्यासाठी थांबू नकोस, रविवारी ये. तिची बॅग मी भरून ठेवते. मला काय बोलायचं ते नंतर बोल, बायकोसमोर बोललास तरी चालेल. आधी आईला सांग, की तिचं म्हणणं तुझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

सात महिने आईच्या नजरेत तुला निष्ठुर ठरवणारी,
तुझी ताई