योग्य ती कार्यवाही

दि. ४ जानेवारी

चि. बबड्यास काकाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझ्या काकूला पुन्हा कावीळ झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिसऱ्यांदा झाली तर निभावणं कठीण. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. कोपऱ्यावरच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटार साचतं. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती गळती रोखायला गुंडाळलेली दोरी कुजलीय; नळ गेला की तिच्यातून तेच पाणी पाइपात ओढलं जातं. तीस वर्षं पाणीखात्यात व्हॉल्व्ह फिरवलेत. चौथी पास असलो तरी एवढं कळतं. पूर्वी वीतभर दोरीलाही राजधानीची मंजुरी लागे. आता पैसा आणि अधिकार दोन्ही तुमच्या विभागीय कार्यालयाकडे आले, आणि तिथला साहेब तू! मग घोडं अडलंय कुठे?

लोभ आहे तसा ठेव, पण आधी दोरी बदल.

तुझा काका

दि. १९ जानेवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

काकूला जपा, पाणी उकळून द्या. अधिकार आले हे खरं. ते कसे वापरायचे याचं मार्गदर्शन आम्ही वर मागितलं. उत्तर आलं, ‘आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही करावी.’ आता ‘योग्य ती’ म्हणजे नेमकी कोणती, हे स्पष्ट नाही. म्हणून पुन्हा विचारलंय. आलेल्या पैशातून कार्यालयाच्या दारावरची कमान तेवढी झाली, कारण तिचा नमुना वरूनच आला होता. रागावू नका.

लोभात उणं येऊ देऊ नये.

आपला बबड्या

दि. ३ फेब्रुवारी

चि. बबड्यास आशीर्वाद, सवयीने.

‘योग्य ती’ कळायला दोन पदव्या कमी पडल्या होय रे? उद्या ताटावर बसवलं तर घास गिळायचा कसा, हेही वर विचाराल. अधिकार खाली आले म्हणे! वाट पाहायची सोय घराजवळ आली, एवढंच.

शेवटी मीच खड्ड्यात उतरलो. बादल्यांनी गटार उपसलं, दोरी बदलली. गुडघे ठणकतात, पण पाण्याला वास नाही. दुसऱ्याच दिवशी तुमची नोटीस दारात, खाली तुझी सही: सरकारी मालमत्तेत विनापरवाना फेरफार, सात दिवसांत पूर्ववत करावे, नाहीतर पोलीस. ही सही करताना नाही वाटतं कुणाला विचारावं लागलं?

पोलिसांची भीती मलाही आहे. तरी लिहून देतो: पूर्ववत म्हणजे नळात पुन्हा गटार. ते मी करणार नाही. पोलीस पाठव, पण तूही ये, आणि दोरी तुझ्या हाताने काढ.

काकूने तुला आशीर्वाद सांगितलेत. सही तिला अजून दाखवलेली नाही.

तुझा काका