तांड्याचा रकाना

बाबा, बाभुळगावच्या तहसीलसमोर तुम्ही लोकांचे अर्ज लिहायला बसायचात, ती जागा अजून रिकामीच आहे. तिथून जाताना मी मान वळवते. आज मात्र कागदावर का होईना, बोलायचंच आहे, कारण ज्या दिवशी तुम्ही काही सांगत होतात त्या दिवशी मी तुमचं तोंड बंद केलं.

बियाणं उगवलं नाही तर शेतकऱ्यानं मोबाइलवर भरायचा तक्रारीचा फॉर्म मी आमच्या बियाणं कंपनीसाठी नुकताच बनवला होता. तुम्ही डबा घेऊन यवतमाळला ऑफिसात आलात आणि मी मोठ्या हौसेनं तो तुमच्या हातात दिला. तुम्ही चष्मा पुसून एकेक रकाना वाचताय. "हे बेस केलं, जे एकदा विचारलं ते परत नाही विचारलं. पण तांडा कुठी लिहायचा? यादीत तर नाही." मी म्हणते, जवळचं गाव निवडतील. "मंग पाहणारा गावातच जाईन ना. तांडा रायते टेकडीपल्याड. मी तर दोन्ही लिहितो, गाव आन् तांडा." रकाने जितके कमी तितके लोक फॉर्म पुरा भरतात, हे मी शिकले होते, आणि ते खोटं नाही. पण साहेब ऐकत होते, म्हणून मी सगळ्यांदेखत बोलले, "बाबा, हे कागदाचं काम नाही. तुमाले नाही समजत यातलं." तुम्ही मोबाइल टेबलावर उलटा ठेवलात. "डबा गरम आहे तोवर जेवून घे," एवढंच म्हणालात. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. मधल्या कितीतरी रविवारी मी घरी आले होते, पण माफी मागायला मेली जीभच उचलली नाही.

यंदा तांड्यावरच्या काकूकडे गेले होते. तीच, जिचे सगळे अर्ज तुम्ही लिहायचात आणि जी तुम्हाला भाऊ म्हणायची. तिचं सोयाबीन उगवलंच नव्हतं. नातीनं माझ्या फॉर्मवर तक्रार केली, तांडा सापडेना म्हणून यादीतलं गाव निवडलं. आमचा माणूस त्या गावात फिरला आणि 'शेतकरी आढळला नाही' असं लिहून तक्रार बंद करून मोकळा झाला. इकडे काकू वाट पाहत बसली. कोणी पाहून जाईपर्यंत पेरणी मोडायची नाही, नाहीतर दाखवणार काय? तेवढ्यात दुबार पेरणीचे दिवस निघून गेले आणि वावर पडीक राहिलं. मला वाटलं, ती शिव्या घालेल. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "भाऊ असता तं बराबर लिहून देल्लं असतं व माय." मी तिच्या ओसरीवर रडले. तिला वाटलं, तुमच्या आठवणीनं रडतेय. मी तसंच वाटू दिलं.

त्याच आठवड्यात मी फॉर्ममध्ये गावाच्या रकान्याखाली नवा रकाना टाकला, तांडा, पोड किंवा वस्ती. आता आमचा माणूस थेट बांधावर पोचतो. हा कागद कुठं पोचायचा नाही, म्हणून पुढचं लिहितेय. परवा मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, ही कल्पना कोणाची? तुमचं नाव घेतलं असतं तर तो डब्याचा दिवसही आठवला असता त्यांना. मी म्हटलं, माझी. टाळ्या वाजल्या, बाबा, आणि मी हसलेसुद्धा.