फळीवर मागे असलेलीची नोंद न घेता दिलेल्या चौतीस टक्क्यांबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
दिव्यांगत्व फेरतपासणी समिती,
जिल्हा बीड.

अर्जदार: वनमाला अजिनाथ तिडके, वय ३८, शिक्षण बारावी, राहणार घाटावरची वस्ती, ता. धारूर.

विषय: तोलाची तपासणी दोघींची होऊन प्रमाणपत्र एकीच्याच नावे निघाल्याने फेरतपासणी मिळणेबाबत, व तोवर श्वासाचे यंत्र परत न मागणेबाबत.

संदर्भ: १) दि. २४ जून २०२५ रोजीची तपासणी. २) यंत्र पंधरा दिवसांत जमा करण्याची सूचना.

महोदय,

हा अर्ज मी सकाळच्या व्यायामाबरोबर लिहीत आहे. दोन्ही कामे एका बैठकीत उरकली नाहीत तर हात थकतो. मध्ये आलेले आकडे श्वासांचे आहेत, ती खाडाखोड समजू नये.

१. मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार आहे. यात मेंदूतल्या व मणक्यातल्या नसांवरचे आवरण जागोजागी झिजते आणि पायाला दिलेला निरोप वाटेत हरवतो. व्यायाम-उपचार विभागातल्या दीपमाला मॅडमनी मला हे असे समजावून सांगितले. मागील वर्षी माझे दिव्यांगत्व बावन्न टक्के ठरले. त्या आधारे मार्चपासून श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम सुरू झाला व एक निळे यंत्र घरी नेण्यास मिळाले. ते मुठीत मावते. तोंडाला लावून हवा आत ओढायची. आत स्प्रिंग असल्याने हवा सहज येत नाही, दर श्वासाला ती टक् वाजते. सकाळी तीस श्वास, संध्याकाळी तीस. दर आठवड्याला स्प्रिंग थोडी आवळायची.

श्वास ६.

२. तोल जातो पायाचा आणि व्यायाम छातीचा, हे मला आधी पटले नव्हते. मॅडम म्हणाल्या, "वनमालाताई, धड म्हणजे खांब. श्वासाचे स्नायू त्याला आतून धरतात. श्वास दाबून ठेवू नका, ओढा."

मी दाबूनच ठेवत होते. ही चूक माझ्या एकटीची नाही, ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या टोळीतल्या सगळ्या बायकांची आहे. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचे असते. फळी दीड वीत रुंद. आमच्या टोळीत बायका जोडीने चढत. खालीच दोघींनी श्वास धरायचा, म्हणजे पावले एका वेळी पडतात व फळी हिंदकळत नाही. पुढची ट्रकात उतरली की ती "पोचले" म्हणते. मग मागचीने श्वास सोडायचा. तोपर्यंत नाही.

माझ्या मागे माझी थोरली जाऊ साखराबाई असे. पहिल्या वर्षी मी भ्याले तेव्हा ती म्हणाली होती, "तू निस्ती फुडं बघ. तुजी पाठ माज्याकडं हाय."

श्वास ११.

३. सहा वर्षांपूर्वी, कर्नाटकातल्या फडावर, भर दुपारी, फळीच्या मध्यावर माझा डावा पाय नाहीसा झाला. दुखला नाही, वळला नाही. नाहीसा झाला. तो या आजाराचा पहिला झटका होता हे चार वर्षांनी, एमआरआय झाल्यावर कळले. मी थांबले. साखराबाईने मोळीवरचा एक हात काढला, तळवा माझ्या पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये लावला आणि मला वर ढकलत नेले. मी ट्रकात पडले. पाय चाचपत बसले.

"पोचले" म्हणायचे राहिले.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मुकादम त्रिंबक ओरडला तेव्हा वळून पाहिले. फळी रिकामी होती. साखराबाई चाकाजवळ पडली होती, मान मोडली होती. टोळी म्हणाली, पाय घसरला. मी ते तसेच राहू दिले. माझ्या माहितीप्रमाणे तिने श्वास अजून सोडलेला नाही.

श्वास १५.

४. व्यायामाच्या तिसऱ्या आठवड्यात असे आढळले की मी तीस मोजते व यंत्र एकतीस वेळा वाजते. तिसावा संपल्यावर यंत्र मी मांडीवर ठेवते. त्यानंतर एक वाजतो. मॅडमना कळवले. स्प्रिंग सैल होताना आवाज येऊ शकतो असे म्हणून त्यांनी यंत्र बदलून दिले. नवीनही एकतीस वाजते.

माझे दीर सुंदरराव, म्हणजे साखराबाईचे मालक, आता रोज व्यायामाच्या वेळी येऊन ओट्यावर बसतात. परवा म्हणाले, "आज ती दमल्यावानी वाटती गं." माझे पती त्यांना म्हणाले, "दादा, ती स्प्रिंग हाय." त्यावर ते म्हणाले, "आसंल. पर स्प्रिंगीला बी पाणी इचारावं माणसानं." तेव्हापासून यंत्राशेजारी पाण्याचा तांब्या असतो.

श्वास १९.

५. दि. २४ जून रोजी समितीपुढे मला डोळे मिटून, एका पावलापुढे दुसरे पाऊल लावून तीस सेकंद उभे राहण्यास सांगितले. मार्चमध्ये मी यात दोन सेकंद टिकत होते. व्यायामाने नऊवर आले आहे. घरी भिंतीशेजारी पती घड्याळ धरून मोजतात, नऊच्या पुढे एकदाही गेले नाही. समितीपुढे मी पूर्ण तीस सेकंद उभी राहिले. डॉक्टरसाहेब खूश होऊन म्हणाले, "बाई, तुम्ही तर तारेवरून चालाल!" टक्के चौतीस झाले.

चाळीसच्या खाली यंत्र मिळत नाही. यंत्राने सुधारणा झाली म्हणून यंत्र परत करायचे, यंत्र गेल्यावर सुधारणा जाईल, ती गेली की यंत्रासाठी नव्याने अर्ज करायचा, ही कार्यपद्धती मला समजली आहे. तिच्याबद्दल तक्रार नाही. डॉक्टरसाहेबांनी मोजण्यात चूक केली असेही माझे म्हणणे नाही.

म्हणणे असे आहे की त्या तीस सेकंदांत माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, तळवा होता.

मी डोळे उघडल्याबरोबर नर्सताईंना विचारले, "तुमी धरलं का मला मागून?" त्या म्हणाल्या, "मी कुठं! मी खुर्ची आणाया गेलते."

नऊ सेकंद माझे आहेत. ते मी कमावले आहेत. उरलेले एकवीस माझे नाहीत.

श्वास २४.

६. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. पुऱ्या कोयत्याचे काम अर्ध्याच्या नावावर पडले तर मुकादमसुद्धा वही दुरुस्त करतो. तीच दुरुस्ती मी समितीकडे मागते.

पती अजिनाथ यांचे मत वेगळे आहे. ते म्हणाले, "टक्के उतरले ह्यात रडाया काय झालं? आन् दोघींचं म्हनून लिवशील तर येडी म्हनतील, त्येचे येगळे टक्के लावतील." ते टक्के मला नकोत. फक्त माझे हवेत.

श्वास २७.

७. परिच्छेद ३ मधील मजकूर मी सहा वर्षांत कोणाला सांगितला नव्हता. काल संध्याकाळी सुंदररावांना सांगितला, कारण अर्जात लिहायचे तर त्यांना आधी कळावे असे वाटले. त्यांनी तांब्या उचलून यंत्राच्या आणखी जवळ ठेवला. ते मला शिव्या देतील असे वाटले होते.

म्हणाले, "म्हंजी ती आजून फळीवरच हाय?"

मी हो म्हणाले.

"मग सांग की तिला."

सबब विनंती की, फेरतपासणीची तारीख द्यावी. त्या दिवशी खुर्ची आधीच आणून ठेवावी व नर्सताईंनी खोली सोडू नये. सुंदररावांना दाराशी बसू द्यावे. डोळे मिटून उभी राहिल्यावर, पाठीवर तळवा आला की मी "पोचले" असा शब्द मोठ्याने उच्चारणार आहे. त्याने कामात व्यत्यय आला असे मानू नये. घड्याळ त्या शब्दापासून लावावे. पुढे मी जितके सेकंद उभी राहीन तितके माझ्या एकटीचे, आणि पडले तर पडणेही माझेच. त्यावरून निघतील ते टक्के मला मान्य असतील.

यंत्र तेवढे माझ्याकडे राहू द्यावे. त्या शब्दानंतर मला धरायला दुसरे काही उरणार नाही.

श्वास ३०.

तारखेची वाट पाहणारी, आपली नम्र,
वनमाला अजिनाथ तिडके
दि. ४ जुलै २०२५

सोबत:
अ) बावन्न व चौतीस टक्क्यांच्या प्रमाणपत्रांच्या प्रती.
आ) एमआरआयचा अहवाल.
इ) व्यायामाची वही. दर वेळची नोंद तीस. समासातली दर वेळची एक रेघ सुंदररावांच्या हातची आहे.

श्वास ३१. हा माझा नाही. कृपया माझ्या नावे धरू नये.