तक्रार लाइनवरचं गाणं

३ जानेवारी
संकल्प: रोज लिहायचं. दादाच्या बोलण्यावर चिडायचं नाही. जूनअखेर कंपनीत कायम व्हायचं.

तिसरा संकल्प माझ्या एकटीचा नाही, सगळ्या घराचा आहे. आमच्यात पदवीपर्यंत पोचलेली मीच पहिली. दादा दहावीच्या दारातून परत फिरला आणि आता डिलिव्हरीची व्हॅन चालवतो. मला नावाने हाक मारत नाही. ग्रॅज्युएट, मीठ दे. ग्रॅज्युएट, दार लाव. यामागे कौतुकच आहे, हे मी ओळखून आहे.

मी वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रार लाइनवर आहे. सध्या टेम्पररी. नोकरी लागल्या लागल्या स्टाफच्या सवलतीत घरी मशीन आणलं. आईने जन्मभर हाताने कपडे धुतले, आता पुरे. तिने मशीनवर स्वतः विणलेला रुमाल घातलाय. मशीन चालू झालं की थरथरतं आणि रुमाल खाली पडतो. बाकी उत्तम.

६ जानेवारी, रविवार
रेकॉर्ड ऐकली. दोनदा.

हे गाणं कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा ऐकलं. तिचे आईवडील गप्प बसून ऐकत होते. ऐकण्यासाठी गप्प बसणारी माणसं मी तोवर पाहिलीच नव्हती. नंतर जुन्या बाजारात तीच छोटी रेकॉर्ड दिसली, लगेच घेतली. प्लेअर मिळायला दोन वर्षं लागली. तोवर नुसती पुसून ठेवत होते.

सोल म्हणतात त्या जातीचं इंग्रजी गाणं. आवाज असा, की दुधावर साय धरावी. मागे बायका नुसतं 'ऊ' करतात. तो तिला म्हणतो, थांब गं, मी आलोच. बस, एवढंच. मग इतक्या वर्षांनंतरही माणसं ते का ऐकतात? माझं मत: तो ओरडत नाही. त्याला खात्री आहे. त्यामुळे आपल्यालाही वाटतं, हा येणार.

दादाचं मत: याला कुणीतरी चिमटा काढा, झोपेत गातोय.
चिडले नाही. (बशी आपटली ती हात ओला होता म्हणून.)

१० जानेवारी
आज कल्पना सुचली.

आमच्याकडे होल्डवर असलेल्या माणसाला कंपनीची जाहिरात ऐकवतात. 'धुवा, हसा, विसरा.' तेच पुन्हा पुन्हा. आज एक गृहस्थ लाइनवर आले ते तापूनच. म्हणाले, हसा काय? इकडे या, घरभर पाणी झालंय ते उपसा, मग दोघं मिळून हसू.

माणसाला थांबवायचंच असेल तर मानाने थांबवावं. जाहिरातीच्या जागी माझं गाणं लावावं! यंत्रणेत माणुसकी आणण्याची ही सुरुवात ठरेल.

शेजारच्या खुर्चीवरच्या ताईंना सांगितलं. त्या या लाइनवर सगळ्यांत जुन्या. हेडफोन कानावरून न काढता म्हणाल्या, मुली, उचलायला माणसं वाढवा म्हणावं त्यांना. गाणी कसली वाढवतेस?
ताई मनाने चांगल्या आहेत. दृष्टी थोडी जुनी.

१४ जानेवारी
साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन फोनवरच गाणं ऐकवलं. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. इतके तल्लीन झाले की गाणं संपल्यावर मला दोनदा हाक मारावी लागली.

म्हणाले, बघू. खर्च काही नाही ना? मी म्हटलं, रेकॉर्ड माझीच आहे. फक्त ती काढणाऱ्या कंपनीची परवानगी घ्यायला हवी. म्हणाले, ते बघू.
साहेब 'बघू' म्हणाले की मला निश्चिंत वाटतं. घाईघाईने हो म्हणणारी माणसं विश्वासाची नसतात.

२० जानेवारी, रविवार
साहेबांना उद्या सकाळी रेकॉर्डिंग हवंय! दादाला बाहेर पिटाळलं. खिडक्या बंद केल्या. फोन प्लेअरसमोर पुस्तकांच्या चळतीवर ठेवला आणि सुई टेकवली.

सगळं छान झालं. एका ठिकाणी ओरखड्याचा 'टक' आवाज येतो, पण त्यानेच जिवंतपणा येतो. शेवटी मात्र गोंधळ. गाणं हळूहळू विरत जातं ना, नेमकं तिथे मोरीतून आई ओरडली, अगं ए, ऐकतेस का? हे मशीन पुन्हा बंद पडलं गं!

दुसऱ्यांदा लावायला गेले तर प्लेअरचा पट्टा तुटला.

आईला बोलले. नको तेवढं बोलले. ती म्हणाली, मला काय ठाऊक बाई, तू तर दार लावून बसलेलीस. नंतर शांतपणे विचार केला. आईचा आवाज अगदी शेवटी आहे, आणि दुरून आल्यासारखा. कुणाला गाणं शेवटपर्यंत ऐकायची वेळच येणार नाही. त्याआधी आम्ही फोन उचलणार.

मशीन दोन थपडा मारल्यावर चालू झालं.

१ फेब्रुवारी
गाणं लागलं!! पहिल्याच बाई इतक्या मऊ बोलल्या की मीच गडबडले. मशीनने त्यांच्या मुलीचा शाळेचा गणवेश फाडला होता, तरी म्हणाल्या, तुमचं चालू द्या सावकाश.
ताईंना म्हटलं, बघा. ताई म्हणाल्या, बघते आहे.

१२ फेब्रुवारी
एक शंका. लोक विचारतात, मध्येच बोलतात त्या बाई कोण? एका आजोबांनी मला अडवलं. म्हणाले, माझं राहू दे पोरी, आधी त्या बाईंचं बघ. केव्हाच्या ओरडतायत.
म्हणजे लोकांना शेवटपर्यंत ऐकावं लागतंय. तात्पुरता ताण असणार.

साहेबांकडे जाऊन खरं ते सांगितलं, की ती माझी आई आहे आणि ते कापून टाकूया. साहेबांनी पहिल्यांदाच डोळे पूर्ण उघडले. म्हणाले, अजिबात हात लावायचा नाही. आपल्यासारखंच आणखी कुणीतरी रांगेत आहे म्हटलं की माणूस फोन ठेवत नाही.
मानसशास्त्राचा किती अभ्यास!
घरी सांगितलं नाही. आईला उगाच संकोच वाटायचा.

२६ फेब्रुवारी
मोठी मीटिंग. फोन मध्येच ठेवून देणारे लोक निम्म्याहून कमी झाले. पडद्यावर आलेख. साहेबांनी सांगितलं की एका संध्याकाळी गाडी चालवताना त्यांना ही कल्पना सुचली. टाळ्या.

प्रथम वाईट वाटलं. मग लक्षात आलं की साहेबांनी कल्पना स्वतःच्या नावावर घेतली म्हणजे जबाबदारीही घेतली. उद्या काही बिघडलं तर मी सुरक्षित. किती पुढचा विचार! माझ्याकडे पाहून हसले. किंवा माझ्यामागे घड्याळ होतं.

११ मार्च
लोक आनंदाने थांबतात, मग उचलायला इतकी माणसं कशाला, असं वरच्यांना वाटू लागलंय. निम्म्या खुर्च्या कमी होणार. ताईंची जाणार.
हे गाण्यामुळे झालेलं नाही. कंपनीत असे बदल होतच असतात.

साहेबांशी ताईंसाठी बोलायचं ठरवलं. आज ते गडबडीत होते.

१३ मार्च
साहेबांशी बोलायला गेले. मूड बरा नव्हता. माझं कायम व्हायचं प्रकरण त्यांच्याच टेबलावर आहे. त्याचा माझ्या न बोलण्याशी संबंध नाही, हे इथे स्पष्ट नोंदवते. योग्य वेळ बघूनच बोललं पाहिजे. नाहीतर ताईंचंच नुकसान.

१५ मार्च
ताई गेल्या. खुर्चीवरची उशी मला दिली. म्हणाल्या, घे, तुला बसायचंय अजून. मग म्हणाल्या, एक विचारू? तुझं ते गाणं एवढे दिवस कानावर पडतंय. तू अर्थ सांगितलास, आलोच म्हणतो म्हणून. तो बाबा शेवटपर्यंत येत नाहीच की गं. नुसता आवाज बारीक होत जातो.

मी म्हटलं, ताई, ती कला असते.
ताई म्हणाल्या, असेल बाई.

उशी पाठीला टोचते. माणसं जाता जाता असं टोचून का बोलतात? मी त्यांना काय केलं होतं?

२ एप्रिल
घरचं मशीन कायमचं थांबलं. थपडांनाही दाद देत नाही. आई म्हणाली, तुझीच कंपनी ना, जरा सांग की कुणाला तरी.

मी आईला समजावलं. ओळखीने काम करून घेणं म्हणजे रांगेतल्या माणसावर अन्याय. आपणच असं केलं तर देश कसा सुधारणार? मी रीतसर तक्रार नोंदवली आहे, सगळ्यांसारखी. आई म्हणाली, बरं, आणि बादली भरायला गेली.
दादा म्हणाला, ग्रॅज्युएट, देश सुधारेपर्यंत माझा शर्ट तू धू.

२१ एप्रिल, रविवार
मेकॅनिक आलेला नाही. एवढ्या मोठ्या रांगेत आपणही एक आहोत, यात एक समाधान आहे.
प्लेअरला नवा पट्टा बसवला. गाणं लावलं. आई मोरीत कपडे आपटत होती, बरोबर तालावर. छान वाटलं. मग नाही वाटलं. बंद केलं.

९ मे
आता लाइनवर आम्ही तिघीच. एक फोन ठेवायच्या आत दुसरा. हल्ली लोक मऊ बोलत नाहीत. आज एका बाईंनी फोन उचलल्यावर नुसता श्वास सोडला आणि म्हणाल्या, तुम्ही खऱ्या आहात का?

मी दमले आहे. साहेबांचा 'बघू' कुठवर बघायचा? जूनअखेर पत्र मिळालं नाही तर राजीनामा. हे शाईने लिहिते आहे.

१७ जून
साहेबांना कायम करण्याबद्दल विचारलं. म्हणाले, महिनाअखेर बोलावतो, खास बोलायचंय. खास! सांगायला घरी धावतच गेले.

आईचे हात साबणाने सोलून निघालेत. म्हणाली, कायम झालीस की एकदा ते मशीन तेवढं बघ हं. म्हटलं, आई, एकदा पत्र हातात येऊ दे, मग मीच साहेबांना सांगते. (तेव्हा ते ओळखीचं काम ठरणार नाही, कारण मी कायम असेन.)

२८ जून, सकाळी
आज बोलावलंय. आईने माझा कुडता पहाटे उठून धुतला, वाळेना म्हणून इस्त्रीने वाळवला. दादा व्हॅनने सोडायला आला. उतरताना म्हणाला, ग्रॅज्युएट, नीट बोल. मग पहिल्यांदाच माझं नाव घेऊन म्हणाला, पेढे... नको, जाऊ दे, आधी ये तर.

२८ जून, संध्याकाळी
साहेबांनी बसायला सांगितलं. म्हणाले, तुमचं योगदान कंपनी विसरणार नाही. पुढच्या महिन्यापासून लाइनवर कुणीच नसेल. लोक गाणं पाच वेळा ऐकतील, मग शिट्टी वाजेल, मग तक्रार बोलतील आणि ती आपोआप नोंदली जाईल. चाचणीत असं दिसलं की बरेचसे शिट्टीची वाटच बघत नाहीत. पण फोनही लवकर ठेवत नाहीत. तुमचं गाणं आम्ही कायम करतोय.

मी म्हटलं, आणि मी?
साहेब म्हणाले, तुम्ही हुशार आहात, शिकलेल्या आहात. मग म्हणाले, तुमच्याकडे त्या गायकाची आणखी एखादी रेकॉर्ड आहे का?
मी म्हटलं, बघू.
एवढंच उलट बोलले. पण बोलले.

दादा खाली व्हॅन घेऊन थांबलेला होता. मी बसले. त्याने व्हॅन सुरू केली.

३० जून
शाईने लिहिलेला राजीनामा द्यायचा राहिला. तत्त्वाने पाहिलं तर मी महिनाअखेरीला बाहेर पडलेच. ठरल्याप्रमाणे.

१६ जुलै
संकल्प: नवे अर्ज. रोज दोन. उद्यापासून.

ताईंना फोन करावा असं मनात आलं. काय बोलायचं ते सुचल्यावर करीन.

आई दुपारी म्हणाली, आता तू तिथे नाहीस, म्हणजे आता फोन केला तर ती ओळख नव्हे ना? तिने कंपनीचा नंबर स्वतः लावला, स्पीकरवर टाकला आणि फोन बंद मशीनवर ठेवला, त्या रुमालावर. स्टूल ओढून बसली. ओले हात पदराला पुसले. दादा जेवत होता.

गाणं लागलं. आई म्हणाली, अगंबाई, हे तर तुझंच. किती गोड आहे गं. रागच निघून जातो माणसाचा.

मी म्हटलं, ठेव फोन. म्हणाली, थांब की, एवढं गाणं झालं की उचलतील.

'टक' आला. बायकांचा 'ऊ' आला. मग आवाज विरत गेला आणि दुरून एक बाई ओरडली, अगं ए, ऐकतेस का? हे मशीन पुन्हा बंद पडलं गं!

दादाचा घास हातातच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.

आई फोनकडे वाकून ऐकत होती. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तशी ती स्टूलवर नीट टेकून बसली आणि म्हणाली, बघ, त्या बिचारीचंही बंद पडलंय. आपल्या आधीची दिसते. तिचं होऊ दे आधी, आपण थांबू.