सतरा औटे किती

लोणखेडा, तालुका शहादा
वैशाख वद्य ५, शके १८५९

तीर्थरूप चुनीलाल मामा यांच्या चरणी भाचा रतिलाल याचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं जमिनीला टेकवली आहेत. राग टेकवायला जागा उरली नाही, म्हणून तो पत्रात घालतो आहे.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, पण क्षेम नाही, तेव्हा लिहीत नाही. तुमची पाठ कशी आहे? मामींचा दमा उन्हाळ्यात बरा असतो, तसा असेलच. तुमच्या बहिणीने विचारलं आहे की लग्नघरून निघताना तुम्ही शिदोरीचा डबा विसरलात, तो कोणाबरोबर पाठवू. मी तिला म्हटलं, ज्या घाईने ते निघाले त्या घाईत धोतर नेसलेले होते हेच पुष्कळ, डबा राहू दे. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. भाऊ तो भाऊच.

मुद्दा आधीच सांगतो, म्हणजे पत्र अर्धवट ठेवलंत तरी कळेल. वीस जूनला पुण्यात कॉलेज उघडतं. गणितातल्या एम. ए.चं माझं हे दुसरं वर्ष. आमचे प्रोफेसर पुढच्या साली घरी बसणार आणि त्यांच्यामागे हा विषय शिकवणारा तिथे कोणी नाही, म्हणजे यंदा गेलो नाही तर माझं एम. ए. कायमचं संपलं. आणि आबा म्हणतात, जायचं नाही. माझी ट्रंक त्यांनी सरकीच्या खोलीत टाकून वर तीन पोती रचली आहेत. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत हेच आबा गावभर सांगत होते की माझा पोरगा एवढं शिकतो की आपल्याला नावसुद्धा घेता येत नाही. मग पंधरा दिवसांत काय झालं? तुम्ही झालात.

चुलतभावाच्या लग्नात त्या संध्याकाळी जानोशात, म्हणजे वऱ्हाड उतरलं होतं त्या खळ्यात, काय घडलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही असं वाटेल. आहे. कारण निम्म्यातून तुम्ही गायब झालात. आपल्याकडे दोन्ही बाजूंची माणसं जेवून सुपारी कातरत बसली की एकमेकांना तोंडी हिशेब घालतात, ही रीत मला ठाऊक होती. ज्याचं उत्तर चुकतं ती बाजू दुसऱ्या दिवशी पंगतीत मागे बसते. दर लग्नात आपल्याकडून शेजारचे एक वाणी बसतात, पाढे त्यांच्या तोंडात सुपारीसारखे असतात. याही वेळी तेच सरसावून बसले होते. त्यांना कोपराने बाजूला सारून भाच्याला पुढे ढकलायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? आणि ढकललंत ते ढकललंत, वर उभं राहून भाषण कशाला केलंत? "हा पुण्याला गणितात एम. ए. करतो. सबंध खानदेशात याच्या तोडीचा नाही. विचारा काय विचारायचं ते, तोंडातून सवाल निघायच्या आत जवाब हजर." मामा, तुम्ही इंग्रजी शाळेत मास्तर आहात. पोरं खोटं बोलली तर छडी मारता. तुम्हाला कोण मारणार?

मुलीकडचे शांतीलाल आजोबा, ऐंशीच्या घरातले, दात दोन, त्यांनी शांतपणे विचारलं, सतरा औटे किती. संपलं. एवढंच. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा हे मला कळतं, मी गाढव नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी सगळ्या पाठ आहेत, झोपेतून उठवा. पण मराठी शाळेत औटकी चालली तेव्हा मला हिवताप होता. दीड महिना मी कोयनेल पीत पडलो होतो आणि मी परत गेलो तेव्हा वर्ग पुढे सरकला होता. (ही गोष्ट तुम्हाला माहीत होती. तुम्हीच कोयनेल आणून दिली होती.) त्यानंतर चौदा वर्षांत सबंध हिंदुस्थानात कोणी मला औटकी विचारली नाही. विचारली ती त्या म्हाताऱ्याने, अडीचशे माणसांत, आणि मी म्हणालो, कागद-पेन्सिल मिळेल का.

मामा, ते खळं जे हसलं, ते हसणं अजून माझ्या कानात आहे. आपल्याकडची माणसंसुद्धा हसली. वाणी तर अंगावर पाणी सांडेपर्यंत हसले. आबा हसले नाहीत. ते पागोटं काढून मांडीवर घेऊन बसले आणि त्याच्या पदराची घडी घालू लागले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझंही डोकं फिरलं. मी उठलो आणि सगळ्यांना समजावून सांगायला लागलो की आमचं गणित वेगळं असतं, त्यात आकडे फारसे नसतातच, गेल्या सबंध वर्षात दहाच्या वरचा आकडा मी क्वचित लिहिला असेल. (हे अगदी खरं आहे. पण खरं कुठे बोलावं याचंही एक शास्त्र असतं, ते मला येत नाही.) कोणीतरी मागून विचारलं, आकडे नाहीत तर मग वर्षभर करतोस काय. मी म्हटलं, समजा एक घेतला, त्यात अर्धा मिळवला, मग पाव, मग अर्धपाव, मग त्याच्या निम्मे, असं न थांबता मिळवतच गेलो, तर बेरीज किती होईल? सुपारी कातरायची थांबली. मला वाटलं, जिंकलं. मी म्हटलं, युगानुयुगं मिळवत बसलात तरी दोनाच्या पुढे जाणार नाही. शांतीलाल आजोबांनी दोन्ही दात दाखवले आणि म्हणाले, "जलमभर मिळवं तरी दोन बी भरत नहीत, मंग मिळवस कसाले?" मिळवायचं कशाला, हे प्रोफेसरांनीही कधी सांगितलेलं नाही. मी मदतीसाठी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही हात धुवायला उठला होतात. तो हात तुम्ही थेट नंदुरबारला, आपल्या घरी जाऊन धुतलात. दुसऱ्या दिवशी मागच्या पंगतीत आम्ही बसलो. भात गार झालेला होता आणि कढी संपली होती.

घरी आल्यावर आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की आकडे विसरला आहेस, तर इथे राहून आकड्यांची सवय कर. तेव्हापासून मी केळीच्या विहिरीवर बसून मोटा मोजतो. सकाळपासून बैल उतरणीला लागले की एक, पुन्हा लागले की दोन. पुण्यात ज्याने वर्षभर अनंताशी गाठ घातली तो माणूस इथे लिंबाखाली बसून चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी करतो आहे. आणि तेही धड जमत नाही, कारण मधेच एखादं प्रमेय आठवतं आणि मी गडबडतो. परवा माझ्या मोटा सत्त्याण्णव झाल्या आणि जामसिंगच्या एकशेबारा. (जामसिंग आमचा सालदार, धडगावकडच्या डोंगरातला. तो दर मोटेला एक खडा या खिशातून त्या खिशात टाकतो आणि गाणं म्हणतो.) पाणी केळीच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचलं होतं, म्हणजे एकशेबाराच बरोबर. आबांनी जामसिंगला उद्यापासून तूच मोज असं सांगितलं. आता मी विहिरीवर बसतो, पण मोजायचं कामही माझ्याकडे राहिलेलं नाही.

गावाचं तर विचारूच नका. पाणवठ्यावरच्या बायासुद्धा मला पाहून सतरा औटे साडेएकोणसाठ म्हणतात. तापीबाई, आमच्या समोरच्या, वय सत्तर, ओ का ठो वाचता येत नाही, त्यांना औटकी तिसापर्यंत येते. रोज सकाळी मला ओट्यावर पाहिलं की त्या मुद्दाम मोठ्याने म्हणतात आणि सडा घालतात. मला आता औटकी पाठ झाली आहे, ती त्यांच्याकडूनच. पण आता पाठ होऊन उपयोग काय?

तेव्हा मामा, मागणं एकच. तुम्ही इथे या. आबांसमोर बसा आणि तुमच्या तोंडाने सांगा की खळ्यात मी बोललो ती थाप होती, एम. ए.चा आणि औटकीचा काही संबंध नाही, आणि पोराला वीस तारखेच्या आत पुण्याला पाठवा. मी सांगितलं तर आबा ऐकून घेतात आणि बैलांना वैरण घालायला जातात. तुमचं ते ऐकतात. का ऐकतात हे मला आजवर समजलेलं नाही, पण ऐकतात. मामींना नमस्कार. तुम्हाला वर केला आहे, तोच पुरवून घ्या.

तुमचा (नाइलाजाने)
रतिलाल

ता. क. वरचं सगळं सकाळी लिहिलं. आता दुपार आहे आणि प्रकार फार बिघडला आहे. नीट वाचा. पोस्टमन आला आणि कॉलेजचं कार्ड ओट्यावर बसलेल्या आबांच्या हातात देऊन गेला. इंग्रजीत आहे. मी म्हटलं, द्या वाचून दाखवतो. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि कार्ड पागोट्यात खोचलं. म्हणाले, चुनीलालकडून वाचून घेतो. खळ्यातल्या त्या दिवसापासून माझ्या तोंडावर त्यांचा भरवसा राहिलेला नाही. पण खोचायच्या आधी मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं आहे. पहिल्या वर्षाअखेरच्या चाचणीत मी चारांपैकी दोन पेपरांत नापास आहे. पुन्हा बसायचं तर पालकांची लेखी संमती (आबांच्या बाबतीत अंगठा) त्याच कार्डावर घेऊन वीस तारखेस हजर राहावं, असं आहे.

मोटार ही माणसाच्या जातीला शोभत नाही असं आबांचं मत, म्हणून ते जामसिंगला घेऊन बैलगाडीने निघाले आहेत. उद्या दुपारपर्यंत तुमच्या दारात येतील. हे पत्र शहाद्याच्या सर्व्हिस मोटारीने आजच पोचेल. तेव्हा वर लिहिलेलं मागणं विसरा, खरं मागणं हे आहे. आबांनी कार्ड पुढे ठेवलं की चष्मा लावा आणि पास म्हणून वाचा. पहिला वर्ग म्हणू नका, नुसतं पास पुरे, तुम्हाला आवरत नाही म्हणून सांगतो. अंगठ्याचं काय ते विचारलं तर म्हणावं, अभिनंदनाच्या कार्डावर घरच्यांचा अंगठा घ्यायची पुण्याची रीत आहे. तुम्हाला हे जड जाणार नाही. खळ्यात मी पाहिलं आहे.

दुसरा ता. क. (पेन्सिलीने आहे. शहाद्याच्या मोटारस्टँडवर उभा राहून लिहितो आहे.) पत्र मोटारीवर द्यायला निघालो आणि पाय नंदुरबारकडे जाणाऱ्या, प्रकाशा गावाच्या रस्त्याला लागले. का लागले ते विचारू नका. दोन कोस धावलो. गाडी एका बाभळीखाली उभी होती, आस करकरत होता म्हणून जामसिंग वंगण घालत होता. मी आबांना सांगितलं. आधी नापास, मग दोन पेपरांत, मग पुन्हा बसायचं आहे, मग तुम्हाला काय लिहिलं होतं तेही. आबांनी जामसिंगच्या हातातलं वंगणाचं नळकांडं घेतलं आणि स्वतः चाकाला वंगण घातलं. मग त्यांनी विचारलं, मेहनत केली होतीस का. मी म्हटलं, केली होती. पहाटे चारला उठत होतो. समजलंच नाही.

आबा म्हणाले, "पास तं कोन बी व्हस. तुन्हा मामा खळामां बोलना, तवाच माले वाटनं, हाई सगळं खोटं शे. तू पहाटे उठीसन नापास व्हयना, म्हंजे तठे काहीतरी खरं शे." मग चाकाच्या वंगणात अंगठा बुडवून त्यांनी तिथेच कार्डावर उठवला, फुंकर मारली आणि कार्ड माझ्या हातात दिलं. जामसिंगला म्हणाले की घरी गेल्यावर ट्रंकेवरची पोती काढायची आहेत.

पत्र फाडणार होतो, पण पाठवतो. कारण गाडी मागे वळली नाही. आबा म्हणाले, निघालोच आहे तर चुनीलालला भेटून येतो. चेहरा बरा नव्हता. तेव्हा या वेळी हात धुवायला उठू नका, बसून ऐकून घ्या.

आणि मामा, राग उतरला असं समजू नका. पण आता त्याहून भीती जास्त वाटते आहे. आजवर मी काय शिकतो हे आबांना कळत नव्हतं, म्हणून नापास होणंही सोपं होतं. या खेपेला तिथे काहीतरी खरं आहे हे त्यांना ठाऊक आहे.